राज्य कुणावर?

"मोबाइल काढून घेतला, ठीक आहे. पण मग पोरांनी करायचं काय?" पालकसभा असो, सोसायटीचा जिना असो की लग्नाची पंगत, मुलांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: नुसतं खेळून मूल शिकणार काय?

पहिल्या प्रश्नाला सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं हात घातला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ मध्ये गावकऱ्यांनी एक नियम केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की हवं त्यानं ते सुरू करावेत. कोरोनाच्या काळात शाळाच मोबाइलमध्ये आली होती. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी मुलांच्या हातातला फोन सुटेना, म्हणून ही वेळ अभ्यास, वाचन आणि गप्पांसाठी राखून ठेवली गेली.

या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भोंगा नाही. सगळं गाव एकाच वेळी थांबलं, ही ती गोष्ट आहे. एकाच घरातला मोबाइल बंद झाला तर त्या घरातल्या मुलाला ती शिक्षा वाटते, कारण खेळायला खाली उतरावं तर खाली कुणीच नसतं. गल्लीतल्या दहा घरांतले मोबाइल बंद झाले तर दहा सवंगडी मिळतात. मोबाइलची जागा घ्यायला खेळण्यांपेक्षा मुलंच जास्त उपयोगी पडतात.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे खेळून मूल काय शिकतं याचं उत्तर या प्रकरणात एकेक पायरी चढत शोधू.

१. शेजारी खेळणं आणि मिळून खेळणं

अंगणवाडीच्या दारात वाळूचा ढीग पडला आहे आणि तीन वर्षांची दोन मुलं त्यात बसली आहेत, असं समजा. एक खड्डा खणतंय, दुसरं डबा भरतंय. लांबून बघणाऱ्याला वाटतं, छान मिळून खेळताहेत. जवळ गेलं की कळतं, दोघांचे खेळ वेगवेगळे आहेत. एक उठून गेलं तरी दुसऱ्याचं काही अडत नाही.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेनं मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांचं असं बारकाईनं निरीक्षण केलं. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात तिनं मुलांच्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले: नुसतं रेंगाळणं, एकटं खेळणं, दुसऱ्याचा खेळ बघत उभं राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत खेळणं आणि शेवटी कामं वाटून घेऊन एकत्र खेळणं. मूल वाढतं तसं शेवटच्या प्रकारांचं प्रमाण वाढत जातं.

शेवटच्या दोन प्रकारांतला फरक भातुकलीत चटकन दिसतो. "तुझी कढई दे ना" इथवर देवाणघेवाण असते. "तू भाकरी थाप, मी पाणी आणते, बंड्या पाहुणा होऊन येईल" असं ठरलं की कामं वाटली गेली. आता बंड्या रुसून गेला तर पाहुणाच उरत नाही आणि खेळ मोडतो. हे प्रकरण आहे ते अशाच खेळांविषयी, जिथं एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. पुढं जे जे शिकणं येणार आहे, ते या अडण्यातून येतं.

२. डावाआधीचा डाव

लपंडाव असो की विषामृत, आधी ठरतं ते राज्य कुणावर. त्यासाठी मुलं चकतात. सगळ्यांनी हात एकावर एक ठेवायचे, वर उचलायचे आणि एकदम पंजा उताणा किंवा पालथा करायचा. गावोगावी बारीकसारीक फरक आहेत, पण गाभा एकच: ज्याचा पंजा इतरांहून वेगळा पडला तो सुटला. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य.

ही पद्धत न्याय्य आहे का? तिघांचं उदाहरण घेऊ: मनू, चिंगी आणि बंड्या. प्रत्येकापुढं दोन पर्याय आहेत, उताणा किंवा पालथा. म्हणजे एकूण शक्यता दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. त्यातल्या दोन वेळा तिघांचे पंजे सारखेच पडतात, तेव्हा पुन्हा चकायचं. उरलेल्या सहांपैकी दोनदा मनू वेगळा पडतो, दोनदा चिंगी आणि दोनदा बंड्या. कुणालाच झुकतं माप नाही.

खरी गंमत शेवटी दोघं उरतात तेव्हा होते. दोघांत "वेगळा" कोण, हे ठरवता येत नाही. म्हणून आधीच सुटलेल्यांपैकी एक जण मदतीला हात घालतो. पुन्हा आठ शक्यता. दोनदा तिघं सारखे, दोनदा मदतनीसच वेगळा, म्हणजे या चार वेळा पुन्हा चकायचं. राहिलेल्या चारांपैकी दोनदा पहिला सुटतो, दोनदा दुसरा. नाणं उडवण्याइतकाच चोख निकाल, आणि नाणं खिशात नसतानाही.

घरी करून बघा. तिघांनी वीस वेळा चकायचं आणि कुणीतरी सुटलं तेव्हा रेघ मारायची. रेघा पंधराच्या आसपास निघतील, कारण आठांपैकी सहा म्हणजे चारातून तीन. नेमक्या पंधराच येतील असं मात्र नाही. तेरा येतील, सतराही येतील. शाळेत खूप पुढे शिकायच्या संभाव्यतेची पहिली ओळख इथं अशी अंगणातच होते.

मुलं ही आकडेमोड करत नाहीत. पण हा निकाल कुणाच्या मर्जीवर नाही, हे त्यांना पक्कं कळतं. म्हणूनच राज्य आलेलं मूल कुरकुरत का होईना, ते घेतं.

३. नियम कुणी केले?

स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांची नीतिबुद्धी कशी वाढते हे शोधायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी प्रवचनाचे विषय घेतले नाहीत. ते जिनिव्हा आणि न्यूशातेल इथल्या मुलांकडे गोट्या घेऊन गेले. आपल्याला खेळ येत नाही, तुम्ही शिकवा, असं सांगून त्यांनी एकेका मुलाला प्रश्न विचारले. नियम कुणी केले? ते बदलता येतील का? १९३२ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं.

लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले, कायमचे वाटत. बदलायचं म्हटलं की ती गोंधळत. दहाच्या पुढची मुलं मात्र सांगत, सगळ्यांना मान्य असेल तर नियम बदलता येतो. मधल्या काळात समवयस्कांशी खेळताना, वाद घालताना आणि तडजोड करताना ही समज येते, असं पियाजे यांचं म्हणणं होतं.

लगोरी खेळणाऱ्या मुलांचा वाद ऐकला की हे लख्ख कळतं. "डोक्याला चेंडू लागला तर आउट नाही." "टप्पा पडून लागला तर?" "पार्किंगच्या बाहेर गेला तर चेंडू मारणाऱ्यानंच आणायचा." पाच मिनिटांच्या या सभेत सूचना येते, हरकत येते, दुरुस्ती होते आणि ठराव पास होतो. नियम म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी मुलांनी तो करून पाहिलेला असतो.

मोबाइलमधल्या खेळात ही सभाच भरत नाही. तिथं नियम बनवून झालेले असतात आणि यंत्र ते राबवतं. टप्पा पडून लागलं तर काय, हे मुलांना ठरवावं लागत नाही.

४. तळ्यात की मळ्यात?

जमिनीवर एक मोठं वर्तुळ आखायचं. आत तळं, बाहेर मळा. एक जण "तळ्यात", "मळ्यात" असा पुकारा करत राहतो आणि बाकीचे त्याप्रमाणे उड्या मारतात. मधेच तो "मळ्यात, मळ्यात" असं दोनदा म्हणतो आणि सवयीनं तळ्यात उडी मारणारा बाद होतो.

एवढ्याशा खेळात डोक्याला एकदम तीन कामं करावी लागतात. पहिलं, नियम लक्षात धरणं. दुसरं, उडी मारायला निघालेला पाय आवरणं. तिसरं, पुकारा बदलला की लगेच वळणं. अभ्यासाला बसलेल्या मुलाला हीच तीन कामं लागतात. गणितातली सूचना लक्षात धरायची, खिडकीबाहेर लक्ष जाऊ न देता बसायचं आणि बेरजेनंतर वजाबाकी आली की पद्धत बदलायची. या तिन्हींना मिळून आत्मनियमन म्हणता येईल.

खेळ अवघड करायचा तर नियम उलटा करावा: "तळ्यात" म्हटलं की मळ्यात उडी. आता ऐकलेल्या शब्दाच्या विरुद्ध वागायचं आहे. अमेरिकेत मेगन मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचं आत्मनियमन मोजण्यासाठी जी चाचणी वापरली, ती अशीच आहे. "डोक्याला हात लाव" म्हटलं की मुलानं पायाच्या बोटांना हात लावायचा. शॉना टॉमिनी आणि मॅक्लेलँड यांनी बालवाडीतल्या मुलांना गोल करून असे थांबण्याचे, वळण्याचे, उलट करण्याचे खेळ काही आठवडे खेळायला दिले. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सरसकट फायदा झाला असं त्यात दिसलं नाही. ज्यांचं आत्मनियमन सुरुवातीला कच्चं होतं, त्या मुलांत सुधारणा दिसली. म्हणजे "हा एका जागी बसतच नाही" अशी ज्याच्याबद्दल तक्रार असते, त्याला खेळातून उठवून अभ्यासाला बसवण्याआधी दोनदा विचार करावा.

त्याच्याही आधीचा एक रशियन प्रयोग आहे. झेड. व्ही. मानुइलेन्को या संशोधिकेनं १९४८ मध्ये लहान मुलांना न हलता उभं राहायला सांगितल्यावर ती किती वेळ राहतात, ते पाहिलं. नुसतं "स्तब्ध उभा राहा" म्हटल्यावर मुलं लवकर चुळबुळायला लागली. त्याच मुलांना खेळात पहारेकरी केलं, तेव्हा ती कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. लेव वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञानं १९३३ मधल्या व्याख्यानात जे मांडलं होतं, त्याचाच हा पडताळा होता: खेळातला नियम मुलानं स्वतः पत्करलेला असतो, म्हणून तो पाळण्यात त्याला आनंद वाटतो. विषामृतात "विष" मिळालेलं मूल भर धावपळीत पुतळ्यासारखं उभं राहतं आणि भिडू "अमृत" घेऊन येण्याची वाट बघतं, तेव्हा तोच पहारेकरी आपल्या अंगणात उभा असतो.

५. 'ळ' आला, आता काय?

अक्षरं आणि आकडे खेळातून शिकता येतात का, ही पालकांची खास काळजी. आधी आकडे घेऊ.

पाच वर्षांचं मूल सापशिडीत पाचव्या घरात आहे आणि फाशावर दोन पडले. बरीच मुलं "एक, दोन" म्हणत सोंगटी सरकवतात. त्याऐवजी घरातला आकडा म्हणत जायचं: "सहा, सात." फरक एवढासाच. पण त्यामुळं पाचानंतर काय येतं, सात हा पाचापेक्षा किती पुढे आहे, हे डोळ्यांना, बोटांना आणि कानांना एकदम कळतं.

रॉबर्ट सीगलर आणि गीता रमानी यांनी अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या बालवाडीतल्या मुलांना एक ते दहा आकड्यांचा सरळ रेषेतला पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका झाल्या. काही मुलांना तसाच पट दिला, पण त्यात आकड्यांच्या जागी फक्त रंग होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आकड्यांचा पट खेळलेल्या मुलांची मोजणी आणि संख्यांची तुलना सुधारली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. रंगांच्या पटानं तसं झालं नाही.

आता अक्षरं. गावांच्या भेंड्या चालल्या आहेत. नाशिक. 'क' आला, कराड. 'ड' आला, डहाणू. 'ण' आला आणि सगळे गप्प. मुलं डोकं खाजवतात, आजीला विचारतात आणि शेवटी ठरतं, 'ण' आला तर 'न' घ्यायचा. नांदेड. थोड्या वेळानं कुणी धुळे म्हणतं आणि पुन्हा तोच पेच. 'ळ' आला तर 'ल' घ्यायचा. लातूर, रत्नागिरी, आणि गाडी पुढं सुटते.

मुलांनी इथं आपल्या भाषेची एक खूण शोधून काढली आहे. रोजच्या मराठीत 'ण' आणि 'ळ' ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आणि शेवटी मुबलक येतात, पण त्यांनी शब्द सुरू होत नाही. व्याकरणाच्या तासाला हे सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत विसरलं असतं. भेंड्यांत अडलेलं मूल ते विसरत नाही, कारण त्याच्यामुळं त्याच्या गटाचा डाव अडला होता.

६. चेहरा वाचणं

राजा, राणी, चोर, शिपाई. चार चिठ्ठ्या, चार खेळाडू. राजा आणि शिपाई आपापली चिठ्ठी दाखवतात. उरलेल्या दोघांपैकी चोर कोण, हे शिपायानं ओळखायचं. नुसता अंदाज बांधला तर दोनातून एकदा बरोबर येईल. म्हणून शिपाई चेहरे न्याहाळतो. कोण जास्तच शांत आहे, कुणाच्या ओठांच्या कडा हलल्या, कोण नजर चुकवतंय. आणि चोर आपला चेहरा सांभाळतो. दोघंही एकच भाषा शिकताहेत, एक वाचायला आणि एक लपवायला.

मामाचं पत्र हरवलं हा खेळही असाच. गोलात बसलेल्यांना मागं वळून बघायची मुभा नसते. फिरणाऱ्या गड्यानं रुमाल आपल्यामागं टाकला का, हे समोरच्यांच्या डोळ्यांवरून ओळखावं लागतं.

स्क्रीनपासून दूर, माणसांत राहिल्यानं चेहरा वाचणं सुधारतं का? कॅलिफोर्नियात याल्डा उल्स, पॅट्रिशिया ग्रीनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीतल्या मुलांवर हा अभ्यास केला. ५१ मुलं पाच दिवसांच्या निसर्ग शिबिराला गेली, तिथं फोन, टीव्ही, संगणक काही नव्हतं. ५४ मुलं नेहमीसारखी शाळेत राहिली. आधी आणि नंतर दोन्ही गटांना चेहऱ्यांची छायाचित्रं आणि संवाद न ऐकू येणारी दृश्यं दाखवून भावना ओळखायला सांगितल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शिबिरातल्या मुलांची सुधारणा जास्त होती.

हे वाचून लगेच उडी मारू नये. शिबिरात स्क्रीन नव्हती, तशीच मुलं दिवसभर एकमेकांसोबत होती, निसर्गात होती. नेमका कशाचा गुण आला, हे एका अभ्यासावरून वेगळं काढता येत नाही. पण रोजच्या जगण्यातही या गोष्टी एकत्रच येतात. मूल खाली खेळायला जातं, तेव्हा स्क्रीन सुटते आणि माणसं भेटतात, दोन्ही एकदमच.

७. एकट्याच्या पळण्यानं भागत नाही

खो-खोत नऊ खेळाडू पाठलाग करणाऱ्या बाजूचे. आठ जण एका रांगेत उकिडवे बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा पळतो. पण त्याला रांग ओलांडता येत नाही आणि खांब येईपर्यंत दिशाही बदलता येत नाही. समोरचा खेळाडू रांगेतून पलीकडे सटकला की पाठलाग करणाऱ्यानं बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप देऊन "खो" म्हणायचं आणि त्याच्या जागी स्वतः बसायचं. म्हणजे शाळेतला सगळ्यात वेगवान मुलगाही एकट्यानं जिंकू शकत नाही. उलट, आपण धावत राहायचं की बसायचं, हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. बसणं ही इथं हार नसते, डावाचाच भाग असतो.

महाराष्ट्राच्या शाळाशाळांतून खेळला गेलेला हा खेळ जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या विश्वचषकापर्यंत पोहोचला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

लगोरीतही तेच. सात चपट्या ठिकऱ्यांची उतरंड चेंडूनं पाडायची आणि समोरच्यांचा चेंडू अंगावर बसण्याआधी पुन्हा रचायची. कुणी चेंडूवाल्याला हुलकावण्या देतं, कुणी धावत येऊन दोन ठिकऱ्या लावून पळतं. मोठी खाली, लहान वर, नाहीतर उतरंड कोसळते. ही कामं कुणी कागदावर वाटलेली नसतात. गडी एकमेकांकडे बघून ती उचलतात.

८. लिंबूटिंबू

गल्लीतल्या खेळात मराठी मुलांनी एक पद निर्माण केलं आहे, त्याला कुठल्याही बालमानसशास्त्रज्ञानं दाद द्यावी. ते पद लिंबूटिंबूचं. ताईच्या मागं लागून आलेलं चार वर्षांचं भावंड खेळात असतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ते पळतं, लपतं, ओरडतं आणि बाद झालं तरी खेळत राहतं. त्याला कुणी वेगळे धडे देत नाही, तरी वर्षभरात ते पक्का गडी होतं.

वायगॉट्स्कीची एक प्रसिद्ध कल्पना इथं समजून घेता येते. मुलाला एकट्याला जे जमतं आणि जाणत्याच्या मदतीनं जे जमतं, त्यांच्यामध्ये एक पट्टा असतो. शिकणं त्या पट्ट्यात घडतं. सायकल शिकवताना बाबा सीटला मागून धरतात, ते याच पट्ट्यात. लिंबूटिंबूला सगळी गल्ली मिळून मागून धरते.

मोठ्या मुलांनाही यातून मिळतं. सहावीतला दादा छोट्याकडे चेंडू हळू टाकतो, तेव्हा तो आपलं बळ आवरायला शिकतो. नियम समजावून सांगताना तो त्यालाच नीट कळतो. एका वर्गातल्या एकाच वयाच्या मुलांत ही संधी कमी मिळते.

हीच सवलत आणखी पुढं नेता येते. ज्याला पळायला अडचण आहे, त्याच्याकडे लगोरी रचायचं काम द्यावं आणि रचताना त्याला चेंडू मारायचा नाही, असा नियम करावा. मुलांना असे नियम सुचतात, फक्त त्या मुलाला खेळात आणलेलं असावं लागतं. आणि संध्याकाळच्या ज्या वेळी मुलगे खाली असतात, त्याच वेळी मुली स्वयंपाकघरात मदतीला असतील, तर त्या घरानं कामाची वेळ बदलावी. खेळण्याचा हक्क दोघांचा सारखाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात तो नोंदवला आहे आणि भारतानं १९९२ मध्ये ती संहिता मान्य केली आहे.

९. टाइम प्लीज!

धावता धावता चपलेचा अंगठा तुटला, लघवीला जायचंय किंवा आईनं हाक मारली. मूल "टाइम प्लीज" ओरडतं आणि सगळा खेळ थांबतो. त्या क्षणी त्याला कुणी बाद करत नाही. कुणी केलंच तर बाकीचे त्या बाद करणाऱ्यालाच बोल लावतात.

ब्रिटनमधल्या आयोना आणि पीटर ओपी या जोडप्यानं शाळकरी मुलांची बोली आणि रीतिरिवाज गोळा करून १९५९ मध्ये पुस्तक काढलं. खेळ थांबवायचे असेच शब्द त्यांना तिथल्या मुलांत सापडले, आणि प्रत्येक भागात निराळे. मोठ्यांनी न शिकवलेले हे शब्द मुलांनी मुलांकडून घेतले होते. थांबायचा शब्द पाळणं म्हणजे समोरच्याची अडचण मान्य करणं, आणि हे मुलं कुठल्याही उपदेशाविना करतात.

भांडणं होतातच. "रडीचा डाव" हा आरोपही होणार. गॅलरीतून बघणाऱ्या आईबाबांना खाली धावून जावंसं वाटतं. तिथंच थांबावं. भांडण मिटवणं हा खेळाचाच भाग आहे, कारण मिटलं नाही तर खेळ बंद पडतो आणि ते कुणालाच नको असतं. मोठ्यांनी मधे पडायच्या वेळा तीनच: कुणाला इजा झाली तर, कुणाला एकटं पाडून छळलं जात असेल तर, किंवा रोज एकाच मुलावर मुद्दाम राज्य लादलं जात असेल तर.

१०. आठ मुलं, चाळीस मिनिटं

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त दाखवू नये. खेळाचा वेळ भरायला महागडं साहित्य लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथं आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा खडे, शिंपले, पानं, बिया हेच त्यांचं शिक्षणाचं साहित्य होतं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ मुलं जमली तर चाळीस मिनिटं अशी लावता येतील. पहिली पाच मिनिटं चकायला आणि भिडू वाटायला. मग दहा मिनिटं तळ्यात-मळ्यात, शेवटची दोन मिनिटं नियम उलटा करून. पुढची पंधरा मिनिटं लगोरी किंवा विषामृत. दम लागल्यावर दहा मिनिटं पायरीवर बसून गावांच्या भेंड्या किंवा चोर-शिपाई. पाऊस असेल तर घरात सापशिडी आणि मामाचं पत्र. हे वेळापत्रक पहिल्या आठवड्यापुरतं. नंतर मुलं ते मोडतील आणि स्वतःचं करतील, आणि तसंच व्हायला हवं.

वाचकांना एवढीच विनंती आहे. या आठवड्यात आपल्या मजल्यावरची, वाड्यातली किंवा वस्तीवरची चार घरं गाठावीत आणि सगळ्यांना सोयीची एक वेळ ठरवावी. त्या वेळी चारही घरांतले मोबाइल बाजूला राहतील, मोठ्यांचेसुद्धा. खाली एक रबरी चेंडू, फरशीचे सात तुकडे आणि एक रुमाल ठेवावा. मुलं उतरली की मोठ्यांनी दूर बसावं. पहिलं राज्य कुणावर, ते मुलं चकून ठरवतील.